उरणच्या खाजणावर वसलेले द्रोणागिरी

द्रोणागिरी हे नवी मुंबईच्या आराखड्यातील चौदा नोडांपैकी एक. रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात, मुंबई बंदराच्या पूर्व किनाऱ्यावर बोकडविरा, फुंडे, डोंगरी, पाणजे, नवघर, पागोटे, कुंडेगाव, भेंडखळ या गावांच्या भातखाचरांवर, मिठागरांवर आणि खाजणांवर ते उभे राहिले. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या नकाशात ही जमीन भरावाची म्हणून दाखवली जाते आणि ते खरेही आहे. मात्र ती समुद्राकडून पहिल्यांदा सोडवून घेतली होती ती इथल्या आगरी शेतकऱ्यांनी, मुरमाचा पहिला डंपर येण्याच्या कित्येक पिढ्या आधी. वसाहतीपुढचे आजचे बहुतेक प्रश्न या पहिल्या बंदिस्तीशी जोडलेले आहेत, म्हणून या जागेचा इतिहास तिथूनच सांगावा लागतो.

उरण हे मुळात बेट. जुन्या कागदपत्रांत त्याचे नाव कारंजा बेट असे येते. दक्षिणेला द्रोणागिरीचा डोंगर, उत्तरेला मोऱ्याच्या बाजूची टेकडी, दोहोंच्या मध्ये सखल पट्टा आणि पूर्वेला मुख्य भूमीपासून तोडणारी उथळ, गाळाची खाडी अशी त्याची रचना होती. बेटावर आधी पोर्तुगीजांचा अंमल होता. वसईच्या मोहिमेच्या काळात ते मराठ्यांकडे आले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी व घारापुरीबरोबर इंग्रजांकडे कायमचे गेले. राजवटी बदलल्या तरी भरती-ओहोटीचे गणित तेच राहिले. मुंबई बंदरात उधाणाचे पाणी ओहोटीच्या तळापासून चार ते पाच मीटर चढते. उरणच्या पूर्वेकडच्या सपाटीवर ते दिवसातून दोनदा पसरायचे आणि दोनदा ओसरायचे. मागे राहायचा गाळ, आणि गाळावर तिवरांचे रान.

या गाळाची शेती करण्याचे तंत्र म्हणजे खारबंदिस्ती. ओहोटीच्या वेळी चिखलाची मोठमोठी ढेकळे कापून ती एकावर एक रचत बांध घातला जाई. जिथे लाटांचा मारा जास्त तिथे बाहेरून दगड लावत. बांधासमोरची तिवरे शेतकरी राखून ठेवत, कारण लाटेचा जोर बांधापर्यंत पोहोचण्याआधी तिथेच मोडतो. पण या कामाचे सगळे मर्म उघाडीत असते. बांधात एक मोरी सोडून तिच्या तोंडाशी खाडीच्या बाजूने लाकडी झडप बसवत. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आत साठलेले पावसाचे पाणी तीच झडप ढकलून खाडीत निघून जाते. ना यंत्र, ना इंधन. झडपेत ओंडका अडकू नये आणि मोरीत गाळ बसू नये, एवढी काळजी मात्र कोणीतरी रोज घ्यावी लागे.

नव्या बंदिस्तीत लगेच पीक येत नसे. काही पावसाळे जमिनीतले मीठ धुऊन निघण्यात जात. त्यानंतरही तिथे साधे भात तग धरत नाही. त्यासाठी राता भाताचे खारे सोसणारे स्थानिक वाण होते. पहिल्या पावसाने वरचे मीठ उतरले की मोड आणलेले बियाणे चिखलात फेकून पेरत. या पद्धतीला रहू म्हणतात. काळा राता आणि भुरा राता हे वाण पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या कामालाही उपयोगी पडले. भाताबरोबर खाचरांतली आणि तळ्यांतली मासळी असे, आणि जिताडा हा खारेपाटातल्या पाहुणचाराचा मान होता.

बांध घालणे एकट्यादुकट्याचे काम नव्हते, त्यामुळे जमिनीचा हक्कही त्या कष्टाशी बांधलेला होता. कुलाबा आणि ठाणे भागातील शिलोत्री पद्धतीत बंदिस्ती उभी करणाऱ्या व तिची देखभाल पाहणाऱ्यांना जमिनीवर खास हक्क मिळत आणि दुरुस्तीची जबाबदारीही त्यांच्याकडे राही. ऐन पावसाळ्यात उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी गाठ पडले की बांधाला खांड पडे. ती वेळेत बुजवली नाही तर भरतीगणिक रुंदावत जाई आणि सगळे खार पुन्हा खाजण होई. म्हणून खांड पडल्याची हाक आली की घरटी माणूस बांधावर जाई. उरण-पेण-अलिबागच्या गावांमधली एकजूट पुढे आंदोलनांत दिसली, तिची तालीम या बांधांवर झाली होती, असे मानायला हरकत नाही.

सगळीच बंदिस्ती भातासाठी नव्हती. जिथे खारे पाणी हवे होते तिथे मिठागरे होती. भरतीचे पाणी आत घेऊन उथळ कोंड्यांमध्ये उन्हावर आटवायचे आणि पाऊस लागण्यापूर्वी मीठ उचलायचे, हे काम उन्हाळभर चाले. एकोणिसाव्या शतकात उरण मीठ आणि दारूच्या भट्ट्या या दोन धंद्यांवर ओळखले जाई. दोन्हींवर सरकारी कर होता, त्यामुळे बेट लहान असूनही मुंबईच्या महसुलात त्याला वजन होते. मोरा बंदरातून माल आणि माणसे समोरच्या मुंबईत जात. भाऊचा धक्का ते मोरा ही जलवाहतूक आजही चालू आहे. मुंबई डोळ्यांसमोर आणि रस्त्याने मात्र खाडीला वळसा घालून जावे लागणारी, अशी उरणची स्थिती दीर्घकाळ राहिली. तरी १९४१ मध्ये मोऱ्याला ग्राइंडवेलचा घर्षणचाकांचा कारखाना सुरू झाला, तो या बंदरामुळेच.

स्वातंत्र्यानंतर बंदिस्तीचा भार सरकारने काही प्रमाणात उचलला. १९४८ मध्ये मुंबई राज्याने खारभूमींसाठी कायदा केला आणि १९७९ मध्ये महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा आला. बाहेरचा मुख्य बांध सरकारचा आणि आतले बांध शेतकऱ्यांचे, अशी वाटणी रूढ झाली. गावकीचे काम खात्याकडे गेले. पण हा दुसरा कायदा येईपर्यंत उरणच्या पूर्व पट्टीचे भवितव्य वेगळ्याच कागदावर ठरून गेले होते.

मुंबईची गर्दी उत्तरेकडे न वाढवता खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून मांडली. त्याच सुमारास नेमलेल्या धनंजयराव गाडगीळ समितीनेही पूर्वेकडच्या विकासाची शिफारस केली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या परिसरात, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर नवे शहर योजले गेले. विकास आराखडा १९७९ मध्ये मंजूर झाला. नगररचनाकारांच्या नजरेने उरणची सखल जमीन मोकळी, सलग आणि बंदराजवळची होती. त्या सपाटीवर उघाड्या, कोंड्या आणि मासळीच्या तळ्यांची किती बारीक व्यवस्था चालू आहे, याची नोंद भूवापराच्या नकाशावर करण्याची पद्धत नव्हती.

भूसंपादनात सातबारावर नाव असलेल्याला मोबदला मिळाला, तोही शेतजमिनीच्या, त्यातून खाऱ्या शेतजमिनीच्या दराने. मिठागरावर राबणारा मजूर, खाडीत वाणा-डोल लावणारा कोळी, चिंबोऱ्या आणि निवट्या धरून घर चालवणाऱ्या बायका यांचे नाव कोणत्याच उताऱ्यावर नव्हते. सर्वांत मोठा अन्याय तिथे झाला. त्याची कायदेशीर दखल घेतली जायला पुढे चाळीसएक वर्षे गेली.

आराखड्यातली घरे उभी राहण्याच्या कितीतरी आधी उरणला उद्योग आले. १९७४ मध्ये मुंबई हायला तेल सापडले आणि समुद्राखालच्या नळांनी ते किनाऱ्यावर आणण्यासाठी ओएनजीसीने उरणची निवड केली. ऐंशीच्या दशकात बोकडविऱ्याला राज्य वीज मंडळाचे वायू विद्युत केंद्र उभे राहिले. भेंडखळला गॅस भरण्याचा प्रकल्प आला. कारंजाच्या बाजूला नौदलाचे शस्त्रागार होतेच. या सर्वांहून मोठा बदल न्हावा-शेवा बंदराने घडवला. मुंबईच्या गोदीतली कोंडी फोडण्यासाठी खाडीच्या पूर्व काठावर गाळ उपसून आणि भराव घालून हे बंदर बांधले गेले. २६ मे १९८९ रोजी ते जवाहरलाल नेहरू बंदर या नावाने सुरू झाले. पहिल्या कंटेनर टर्मिनलचा धक्का ६८० मीटरचा होता. १९९९ मध्ये खासगी कंपनीने चालवलेले देशातील पहिले कंटेनर टर्मिनल इथे सुरू झाले, आणि २०२३-२४ या वर्षात बंदराने वीस फुटी मापाने मोजलेल्या ६४ लाखांहून अधिक कंटेनरांची हाताळणी केली.

बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवण्यात आला. त्या कुटुंबांना उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून वसवले गेले. समुद्रावर जगणारे गाव समुद्रापासून तोडून अपुऱ्या जागेत बसवले, त्यात नव्या घरांना वाळवी लागली. पुन्हा पुनर्वसन व्हावे ही त्यांची मागणी पुढची पिढी लढवत राहिली. बंदराच्या यशाचे आकडे छापताना हा हिशेबही शेजारी मांडला पाहिजे.

बंदराचे काम सुरू होण्याआधीच, जमिनीच्या मोबदल्यावरून उरणमध्ये असंतोष पेटला होता. या तालुक्याला लढ्याची परंपरा होती. २५ सप्टेंबर १९३० चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह आणि त्यावरील गोळीबार लोकांच्या आठवणीत ताजा होता. शेतकरी कामगार पक्षाचे नेते, जासईचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ जानेवारी १९८४ रोजी जासईजवळ दास्तान फाट्यावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात धुतुम आणि चिर्ले गावचे दोघे हुतात्मा झाले. दुसऱ्या दिवशी नवघरच्या बाजूला पुन्हा गोळीबार झाला आणि पागोट्याचे तिघे गेले. या पाच हुतात्म्यांचा स्मृतिदिन दरवर्षी जानेवारीत पाळला जातो.

या आंदोलनातून पुढे आलेली योजना म्हणजे साडेबारा टक्के. संपादित जमिनीच्या १२.५ टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे धोरण १९९० मध्ये नवी मुंबईसाठी आले आणि १९९४ मध्ये त्याला आजचे रूप मिळाले. हिशेब असा होतो. एक हेक्टर जमीन गेलेल्या कुटुंबाचा वाटा १,२५० चौरस मीटर. त्यातून ३.७५ टक्क्यांची सार्वजनिक सुविधांसाठीची कपात वजा जाता हाती ८७५ चौरस मीटर राहतात. त्यावर दीड चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे सुमारे १,३१२ चौरस मीटर बांधकाम, आणि त्यातला १५ टक्के भाग दुकानांसारख्या व्यापारी वापरासाठी. नुकसानभरपाईच्या रोख रकमेपलीकडे जाऊन शेतकऱ्याला शहराच्या वाढीत भागीदार करणारी ही तरतूद देशात दूरवर अभ्यासली गेली, आणि तिचे श्रेय निर्विवादपणे उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांचे आहे.

द्रोणागिरीची वस्ती बहुतांशी या योजनेच्या भूखंडांवर उभी राहिली, आणि तिचा चेहरामोहराही त्यातून घडला. भूखंड लहान, वारस अनेक, बांधकामाला लागणारे भांडवल कोणाकडेच नाही. मग वारस, बिल्डर आणि सिडको यांच्यात त्रिपक्षीय करार होऊन भूखंड बिल्डरकडे जाई आणि मूळ मालकाच्या वाट्याला काही सदनिका किंवा रक्कम येई. त्यामुळे वाशी-बेलापूरच्या सुरुवातीच्या वसाहतींत सिडकोने स्वतः बांधलेल्या घरांचे जे सलग आखीव रूप दिसते, तसे इथे दिसत नाही. एकेकट्या भूखंडावरची चार-सहा मजली इमारत, शेजारी रिकामा भूखंड, मग पुन्हा इमारत अशी तुटक वाढ इथे झाली.

या भूखंडांखालची जमीन तयार करणे हे स्वतंत्र काम होते. उरणच्या पूर्व पट्टीत मऊ खाडीचा चिखल कित्येक मीटर खोल आहे. त्यावर आजूबाजूचे डोंगर फोडून आणलेला मुरूम टाकला की वजनाने चिखलातले पाणी हळूहळू निघते आणि भराव वर्षानुवर्षे खाली बसत राहतो. घाई असेल तर चिखलात उभ्या पट्ट्या रोवून पाण्याला वाट करून देतात आणि वर जादा मातीचे ओझे ठेवून खचण्याची क्रिया आधीच उरकून घेतात. मोठ्या इमारतींचे खांब खाली घट्ट थरापर्यंत नेता येतात. रस्ते आणि गटारे मात्र भरावावरच असतात, म्हणून भराव बसतो तेव्हा इमारत जागेवर राहते आणि तिच्या पायरीशी रस्ता खचतो.

सर्व क्षेत्र भरतीच्या पातळीच्या वर उचलायचे तर मुरूम आणि पैसा दोन्ही अपुरे पडले असते. म्हणून नवी मुंबईच्या सखल नोडांमध्ये सिडकोने डच धाटणीची रचना स्वीकारली. जमीन उधाणाच्या पातळीच्या खालीच ठेवायची, बाहेरून बांध घालायचा आणि जागोजागी धारण तलाव राखायचे. भरतीच्या वेळी पडलेला पाऊस नाल्यांतून तलावात साठतो, खाडीच्या तोंडाशी असलेली झडपदारे पाण्याच्या दाबाने मिटतात, ओहोटीला उघडतात आणि साठा खाडीत जातो. जुन्या उघाडीचेच हे तत्त्व, फक्त आकार मोठा. फरक पडला तो देखभालीत. शेतकऱ्याची उघाडी तुंबली तर त्याचे स्वतःचे पीक जाई, म्हणून तो रोज पाहायला जात असे. धारण तलाव मात्र गाळाने भरत गेले, त्यांत तिवरे उगवली, आणि कांदळवनांना संरक्षण असल्याने नवी मुंबईत गाळ काढण्याचा प्रश्नही न्यायालयापर्यंत पोहोचला.

नव्या भरावाचा फटका सर्वांत आधी जुन्या गावांना बसला. गावठाणे पूर्वी आजूबाजूच्या खाचरांहून उंचावर होती. पाऊस कितीही पडला तरी पाणी खाली शेतात उतरे. शेतांवर भराव आला, त्यावर रस्ते, कंटेनर यार्ड आणि सेक्टर आले, आणि गावठाण खड्ड्यात गेले. नैसर्गिक नाले बुजले किंवा अरुंद झाले. तालुक्याच्या या पट्टीत पावसाळ्यात घरांत पाणी शिरण्याच्या तक्रारी त्यानंतरच्या आहेत. जिथे अजून थोडी शेती उरली तिथे बांधांकडे लक्ष देणारे हात कमी झाल्याने उधाणाचे खारे पाणी पुन्हा शिरू लागले.

दुसरा पेच कायद्याचा. आराखडा १९७९ चा, आणि किनारपट्टी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना फेब्रुवारी १९९१ ची. म्हणजे नकाशावर सेक्टर आखले गेले तेव्हा भरतीरेषेपासूनच्या अंतराचे बंधन नव्हते. साडेबारा टक्क्यांचे वाटप सुरू झाले तेव्हा ते आले होते. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात ती अधिक पक्की केली. परिणामी द्रोणागिरीतले काही भूखंड कागदावर मिळाले, पण बांधकामाची परवानगी मिळेना. ज्यांची पिकती जमीन सत्तरच्या दशकात गेली त्यांच्या नातवंडांच्या वाट्याला तिवरांतला भूखंड आला. कांदळवने राखणे अत्यावश्यक आहे, आणि या कुटुंबांना दुसरीकडे जागा देणेही तितकेच. या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध उभ्या केल्या गेल्या, हे नियोजनाचे अपयश आहे.

या वादाचे सर्वांत ठळक ठिकाण पाणजे. गावाजवळची २८९ हेक्टरची पाणथळ जागा हिवाळ्यात रोहित पक्ष्यांसह अनेक स्थलांतरित पक्ष्यांचे खाद्यस्थान असते. आराखड्यात ती द्रोणागिरीचा भाग. २००० नंतरच्या दशकात नवी मुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी द्रोणागिरीची मोठी जमीन राखली गेली, त्यात ही जागाही होती. आर्थिक क्षेत्र ठरल्याप्रमाणे उभे राहिले नाही आणि २०१८ मध्ये त्याचे रूपांतर एकात्मिक औद्योगिक क्षेत्रात करण्यास मंजुरी मिळाली. दरम्यान भरतीच्या पाण्याच्या वाटा बंद करून पाणथळ कोरडी पाडली जात असल्याची तक्रार मच्छीमार आणि पर्यावरण कार्यकर्ते सातत्याने करत आले.

उताऱ्यावर नाव नसलेल्यांचा प्रश्न अखेर राष्ट्रीय हरित लवादापुढे आला. बंदराच्या विस्तारासाठी तिवरे आणि खाड्यांच्या वाटा नष्ट झाल्याने पारंपरिक मासेमारी बुडाली, असा दावा उरण-पनवेलच्या कोळीवाड्यांतील मच्छीमारांनी केला. फेब्रुवारी २०१५ मध्ये लवादाने १,६३० कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि त्याचा भार बंदर, सिडको व ओएनजीसी यांच्यावर विभागून टाकला. खाडीवरचा वहिवाटीचा वापर हीही उपजीविका आहे, ही गोष्ट या आदेशाने मान्य झाली.

वसाहत म्हणून द्रोणागिरी बराच काळ रेंगाळले ते रेल्वेअभावी. कंटेनर ट्रेलरांनी भरलेल्या महामार्गावरून रोज मुंबईला जाणे नोकरदाराला परवडणारे नव्हते. नेरुळ-बेलापूरहून उरणकडे जाणाऱ्या मार्गाचा पहिला टप्पा खारकोपरपर्यंत नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाला. पुढचा, द्रोणागिरीमार्गे उरणपर्यंतचा टप्पा १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. त्याच दिवशी शिवडी आणि न्हावा-शेवा यांना जोडणाऱ्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या नवी मुंबई विमानतळाचेही उद्घाटन झाले. खाडीला वळसा घालण्याची अट सुटल्याने घरांची मागणी वाढली आणि रिकाम्या भूखंडांवर काम सुरू झाले.

प्रशासन मात्र अजून जुळलेले नाही. सेक्टर सिडकोकडे, गावठाणे ग्रामपंचायतींकडे, उरण शहर नगरपरिषदेकडे, बंदराची हद्द बंदर प्राधिकरणाकडे, उरलेली खारशेती खारभूमी विभागाकडे आणि कांदळवने वनविभागाकडे अशी विभागणी आहे. पावसाचे पाणी चिर्ले-जासईच्या डोंगरउतारांवरून निघून खाडीला मिळेपर्यंत यांतल्या अनेक हद्दी ओलांडते. बांध, नाला, तलाव आणि झडप या साखळीची जबाबदारी एका यंत्रणेकडे देणे, हे द्रोणागिरीचे उरलेले सेक्टर भरण्याआधी करायचे काम आहे.